चांगल्याकडून वाईटाकडे

सिडनी बंदराच्या उत्तर किनाऱ्यावर मॉसमन नावाचं उपनगर आहे. उतारावर टुमदार घरं, घरांपुढे बागा आणि बागा संपतात तिथून थेट पाण्यापर्यंत उतरत जाणारं रान. या रानाच्या एका भागाला ॲश्टन पार्क म्हणतात. तरोंगा प्राणिसंग्रहालय त्याच्या शेजारीच आहे. 1960 नंतरच्या वर्षांत इथे दोन बहिणी नेमाने फिरायला येत. आयलीन ब्रॅडली थोरली, जोन धाकटी. याच किनाऱ्यावर डोंगराची जी सोंड पाण्यात शिरली आहे, तिलाही ब्रॅडलीज हेड म्हणतात. पण ते नाव अठराव्या शतकातल्या विल्यम ब्रॅडली या आरमारी अधिकाऱ्यावरून पडलं आहे, या बहिणींवरून नव्हे. फिरता फिरता वाटेत दिसेल ते परकं तण त्या उपटत. ऑस्ट्रेलियात शहरातलं रान सावरण्याची जी पद्धत आज शिकवली जाते, तिची सुरुवात या फेरफटक्यांत झाली.

दोघींपैकी कोणीही वनखात्यात नव्हती. त्यांना मुळात नाद होता पाखरांचा. सुपर्ब फेअरी-रेन हा शेपूट ताठ उभारून झुडपांत टुणटुणणारा चिमुकला निळा पक्षी. त्याच्या पायांत रंगीत कडी अडकवून, एकेका पाखराला ओळखून त्यांनी त्याचं वागणं आणि पिसांचे बदलते रंग टिपले, आणि 1958 मध्ये 'एमू' या ऑस्ट्रेलियातल्या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. पुढे तणाच्या बाबतीत त्यांनी जे केलं, ते या सवयीतून आलं असं मला वाटतं. त्याच जागी पुन्हा पुन्हा जायचं, काय बदललं ते बघायचं आणि आपलं मत घाईने बनवायचं नाही.

या रानाची जमीन वालुकाश्माची, हलकी आणि विलक्षण निकस. फॉस्फरस तर नावापुरताच. इथले युकॅलिप्टस, अँगोफोरा, बँक्सिया लाखो वर्षं या गरिबीतच वाढले, त्यांना ती मानवते. शहर आलं तसं चित्र बदललं. वरच्या घरांच्या बागांतलं खत, गटारांचं पाणी, कुत्र्यांची विष्ठा, बांधकामाची माती हे सगळं पावसाबरोबर उतारावरून रानात येऊ लागलं. जिथे हे पाणी मुरलं तिथे जमीन सुपीक झाली, आणि सुपीक जमिनीत जोमाने वाढणारी बागेतली परकी झाडं तिथे घुसली. प्रिव्हेट, मॉर्निंग ग्लोरी, जमिनीवर हिरवी चटई पसरणारी ट्रॅडेस्कॅन्शिया आणि या सगळ्यांत दांडगी लँटाना. तीच आपली घाणेरी, काही भागांत टणटणी.

घाणेरीची ओळख मराठी वाचकाला वेगळी करून द्यायला नको. रस्त्याच्या कडेला, गडाच्या वाटेवर, पडीक शेतात ती आहेच. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. युरोपातल्या माळ्यांनी तिचे संकर करून रंगीबेरंगी फुलांच्या जाती काढल्या, आणि शोभेचं झुडूप म्हणून ती जगभर गेली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात लावली गेली, आणि त्याच शतकाच्या मध्यापर्यंत ऑस्ट्रेलियातही पोचली. पाखरं तिची काळी फळं खातात आणि बिया दूरवर टाकतात. फांदी जमिनीला टेकली की तिथे मुळं धरते. वरून कापली तर बुंध्यातून अनेक फुटवे येतात. तिच्या पानांतून आणि मुळांतून झिरपणारी रसायनं आसपासच्या बियांचं रुजणं रोखतात. म्हणजे एकदा जाळी दाट झाली, की तिच्याखाली दुसऱ्या कशालाही वाव राहत नाही.

अशा जाळ्यांवर सहसा जो उपाय होतो तो सरळ असतो. माणसं लावा, सगळं झुडूप साफ करा, जमीन मोकळी करा. ॲश्टन पार्कच्या आसपासही असंच होत होतं. ब्रॅडली बहिणींनी ते पाहिलं, आणि त्यानंतर त्याच जागी काय उगवलं हेही पाहिलं. उघड्या पडलेल्या जमिनीवर पुन्हा तणच आलं, बहुतेक वेळा आधीपेक्षा दाट.

असं का होतं हे मातीत शिरल्याशिवाय कळत नाही. रानाच्या वरच्या काही सेंटिमीटर मातीत हजारो बिया पडून असतात. त्यांतल्या काही देशी झाडांच्या, पण ज्या जागी वर्षानुवर्षं तण माजलंय तिथे बहुतेक तणाच्याच. पालापाचोळ्याखाली, सावलीत त्या निपचित असतात. आपण झुडूप ओढून काढतो तेव्हा तीन गोष्टी एकदम घडतात. ऊन जमिनीपर्यंत पोचतं, माती उलथते, आणि मुळं कुजून मातीत अन्नद्रव्यं मोकळी होतात. हे तिन्ही तणाच्या बियांना हवंच असतं. मोकळ्या, भुसभुशीत, उन्हातल्या जमिनीत झपाट्याने उगवून महिन्या-दोन महिन्यांत फुलोऱ्यावर येणं हाच त्यांचा जगण्याचा धंदा. देशी रोपं सावकाश वाढतात, त्यांना या शर्यतीत जागाच मिळत नाही. म्हणून शे-दोनशे माणसांनी एका रविवारी मोठ्या उत्साहाने रिकामा केलेला उतार पुढच्या वर्षी पाहायला गेलं की मन खट्टू होतं. त्या माणसांची मेहनत खोटी नव्हती. फक्त तिचा फायदा तणाला झाला.

ब्रॅडली बहिणींनी उलट वाट धरली. त्यांच्या पद्धतीचे नियम तीन, आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेले.

पहिला नियम कामाच्या दिशेचा. जिथे रान चांगलं आहे तिथून सुरुवात करायची, आणि हळूहळू वाईट भागाकडे सरकायचं. पहिल्यांदा ऐकलं की हे कोणालाही पटत नाही. स्वयंसेवक येतो तोच मुळी सगळ्यात भयंकर जाळी बघून, कारण ती डोळ्यांत खुपते. तिच्यावर कोयता चालवला की संध्याकाळी काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण त्या जाळीच्या मध्यभागी देशी झाडाचं बी नाही, मूळ नाही, फुटायला काही उरलेलंच नाही. याउलट जे रान नव्वद टक्के धड आहे आणि ज्यात इकडेतिकडे घाणेरीची पाच-दहा रोपं शिरली आहेत, तिथे ती रोपं काढली की काम संपतं. उरलेली जागा आजूबाजूचं रान स्वतःच भरून काढतं. तो तुकडा निर्धास्त झाला की त्याची कड वाईट भागाच्या दिशेने थोडी पुढे सरकते. मग पुन्हा थोडी. रान आपल्या पायांनी पुढे जातं, माणूस फक्त त्याच्यापुढचा अडथळा दूर करतो.

दुसरा नियम जमिनीला कमीत कमी धक्का लावण्याचा. रोप उपटताना मातीचा खड्डा होऊ द्यायचा नाही, झालाच तर लगेच दाबून बसवायचा, आणि बाजूला सारलेला पालापाचोळा पुन्हा त्याच जागी पसरायचा. पाचोळा ही जमिनीवर धरलेली खपली आहे. ती काढली की जखम उघडी पडते. म्हणूनच या कामाची हत्यारं छोटी: हाताने उपटणं, लांब पात्याची सुरी, फांद्या छाटायची कात्री. काम करणारा माणूस उभा दिसतच नाही, गुडघ्यावर बसलेला असतो.

तिसरा नियम सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. तण किती वेगाने काढायचं हे माणसाने ठरवायचं नाही. देशी रोपं किती वेगाने परततात त्यावर ते ठरू द्यायचं. एक पट्टा साफ केला की थांबायचं. त्यात देशी रोपं येऊन दाट होईपर्यंत पुढच्या पट्ट्याला हात लावायचा नाही, मग त्याला एक पावसाळा लागो की तीन वर्षं. मधल्या काळात त्याच पट्ट्यात परत परत जाऊन नवी उगवलेली तणाची रोपं काढायची. हातात माणसं आहेत, वेळ आहे, तण समोर दिसतंय, आणि तरीही पुढे जायचं नाही. सार्वजनिक कामाच्या आपल्या सगळ्या सवयींच्या हे विरुद्ध आहे. किती किलो तण निघालं, किती एकर मोकळं झालं, किती लोक आले हे आकडे अहवालात चांगले दिसतात. या पद्धतीत पहिल्या वर्षी दाखवायला जवळजवळ काहीच नसतं.

सुमारे 16 हेक्टरच्या रानात या बहिणींनी अनेक वर्षं असं काम केलं, तेही मुख्यतः हाताने. 1967 मध्ये जोनने तण आणि त्यावरच्या उपायांबद्दल एक पुस्तिका लिहिली, 1971 मध्ये रान पुन्हा उभं करण्यावर दुसरी. 1970 च्या दशकात न्यू साउथ वेल्सच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ही पद्धत हाती घेतली आणि जोनच्या मार्गदर्शनाखाली शहरातल्या इतर रानांसाठी माणसं तयार होऊ लागली. त्यांत परिसरातल्या गृहिणी मोठ्या संख्येने होत्या. आयलीन 1976 मध्ये गेली, जोन 1982 मध्ये. जोनचं 'ब्रिंगिंग बॅक द बुश' हे मोठं पुस्तक 1988 मध्ये, तिच्या मागे निघालं. त्याआधी 1986 मध्ये या कामातल्या लोकांची व्यावसायिक संघटनाही उभी राहिली होती. आज सिडनीच्या बहुतेक नगरपालिकांत 'बुशकेअर' नावाचे स्वयंसेवी गट आहेत. महिन्यातला एक ठरलेला दिवस, ठरलेली जागा आणि सोबत पालिकेने दिलेला एक जाणकार. नवख्याला पहिल्यांदा रोपं ओळखायला शिकवतात, कारण बोटभर वाढलेलं देशी रोप आणि बोटभर वाढलेलं तण यांत फरक करता आला नाही तर मदतीला आलेला हातच नुकसान करतो.

या पद्धतीच्या मर्यादाही पुढच्या लोकांनी तपासल्या. जिथे देशी बियांचा साठाच संपलाय तिथे वाट बघत बसून काही परत येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी वॅटलच्या, म्हणजे तिथल्या बाभळींच्या कुळातल्या झाडांच्या, कठीण कवचाच्या बिया मातीत कित्येक वर्षं पडून राहतात आणि आगीची धग लागली की मगच रुजतात. म्हणून काही ठिकाणी आता नेमकी, छोटी आग लावली जाते. मोठ्या खोडांची साल खरवडून किंवा खोड कापून त्या जागी थेंबभर तणनाशक लावायची रीतही रूढ झाली आहे. नुसत्या हातांनी जमणार नाही इतकी जागा आता अनेक गटांकडे असते. यात मला विसंगती दिसत नाही. जोन ब्रॅडलीने दिलेली खरी देणगी सुरी की तणनाशक ही नव्हे, तर कामाचा वेग रानाच्या हाती देणं ही आहे.

शिवाय पाखरं आहेतच. ज्या रानातली देशी झुडपं नाहीशी झाली तिथे फेअरी-रेनसारखे छोटे पक्षी घाणेरीच्याच जाळीत आसरा घेतात. मांजर आणि करावाँगसारखे मोठे पक्षी यांच्यापासून तेवढाच बचाव. एका दिवसात ती जाळी काढली तर या पक्ष्यांना लपायला जागाच उरत नाही. म्हणून घाणेरीही टप्प्याटप्प्याने, शेजारी देशी झुडूप दाटल्यावर काढावी असं तिथे आता सांगतात. तणातही कोणीतरी राहत असतं हे तिथे काम करणाऱ्याला ठाऊक असतं.

आता पॅसिफिक महासागर ओलांडून अमेरिकेच्या सिअॅटल शहरात जाऊ, कारण तिथे प्रश्न वेगळ्या तऱ्हेने समोर आला. सिअॅटलच्या उद्यानांत हजारो एकर जंगल आहे, पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी तिथली प्रचंड सूचिपर्णी झाडं तोडली गेली. त्यांच्या जागी आपोआप उगवले ते लवकर वाढणारे आणि लवकर म्हातारे होणारे अल्डर आणि बिगलीफ मेपल. क्रमाने पाहिलं तर त्यांच्या सावलीत पुन्हा डग्लस फर, रेड सीडार, हेमलॉक यांची रोपं यायला हवी होती. ती आली नाहीत. जमीन इंग्लिश आयव्हीने झाकली होती आणि मोकळ्या जागांत काटेरी ब्लॅकबेरीचं रान माजलं होतं. ही ब्लॅकबेरी 'हिमालयन' म्हणून ओळखली जाते, पण मूळची आहे कॉकेशसकडची. म्हणजे म्हातारी झाडं पडत राहणार आणि त्यांची जागा घ्यायला कोणी नाही. शहराने आणि एका जमीन-संवर्धन संस्थेने 2004-05 च्या सुमारास 'ग्रीन सिअॅटल पार्टनरशिप' सुरू केली. 2,500 एकर जंगल 2025 पर्यंत सावरायचं असं उद्दिष्ट ठेवलं आणि कामाचा मोठा भार स्वयंसेवकांवर टाकला.

इथे सगळ्यात आधी झाडं वाचवायची होती. आयव्ही खोडावर चढली की वर जाऊन फुलते, फळते, पाखरं तिच्या बिया पसरवतात. शिवाय हिवाळ्यात ती हिरवीच असल्याने वादळात झाडाला वाऱ्याचा जास्त मार बसतो. त्यामुळे पहिली पायरी म्हणजे प्रत्येक खोडाभोवती आयव्हीचा पट्टा कापणं. वरची वेल खाली ओढायची नाही, तशी ओढली तर वाळकी फांदी डोक्यात पडते. ती तिथेच वाळू द्यायची. मग जमिनीवरची आयव्ही गुंडाळत काढायची, ब्लॅकबेरीचा गड्डा खणून उचलायचा. उघड्या जमिनीवर कॉफीच्या रिकाम्या तागाच्या गोण्या अंथरून वर लाकडाचे बारीक तुकडे टाकायचे, म्हणजे पुन्हा तण यायला उशीर होतो. शेवटी शरद ऋतूत पाऊस सुरू झाला की देशी रोपं लावायची; तिथले उन्हाळे कोरडे असतात, उशिरा लावलेलं रोप तग धरत नाही. म्हणजे सिडनीत जिथे थांबून वाट पाहायची, तिथे सिअॅटलने लावणीवर भर दिला. कारण सूचिपर्णी झाडांचं बी पुरवणारी म्हातारी झाडंच अनेक ठिकाणी शिल्लक नव्हती. जागा पाहून पद्धत बदलते. बदलत नाही ती गोष्ट म्हणजे लावणीनंतरची काही वर्षं. काढलेली जागा नंतर सांभाळली नाही तर आयव्ही तिथे परत येते.

आपल्याकडे यातलं किती लागू पडतं? घाणेरी आहे, म्हणजे प्रश्न तोच आहे. भारतातल्या व्याघ्रक्षेत्रांच्या अभ्यासात घाणेरी दीड लाख चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्रावर पसरल्याचा अंदाज निघाला, म्हणजे अभ्यासलेल्या भूभागाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटमध्ये यावर जो उपाय शोधला तो शहरातल्या कोणत्याही गटाला जमेल इतका साधा आहे. झुडूप वरून कापायचं नाही, कारण मुळाच्या वरच्या भागातून फुटवे येतात. मातीच्या पृष्ठभागाच्या काही सेंटिमीटर खाली, फुटवे येणाऱ्या भागाच्या खालून मुख्य मूळ तोडायचं, आणि अख्खं झुडूप उचलून मुळं वर करून उलटं ठेवायचं. वाळतं. माती फारशी हलत नाही, मोठा खड्डा पडत नाही. त्यानंतर ज्या झाडांवर पाखरं बसतात त्यांच्याखाली नवी रोपं येतात, तिकडे लक्ष ठेवायचं आणि ती छोटी असतानाच उपटायची. ॲश्टन पार्कशी या कामाचा संबंध नव्हता, तरी जमीन न उलथण्याचा आणि परत परत जाण्याचा निष्कर्ष दोन्हीकडे तोच निघाला.

पुण्याच्या टेकड्यांवरचं दुखणं जरा निराळं. तिथे गिरिपुष्प हे परकं झाड आपल्याच माणसांनी, उजाड टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून लावलं. ते झपाट्याने वाढलं, पसरलं आणि कितीतरी उतारांवर दुसऱ्या झाडाला जागा ठेवली नाही. अलीकडे पावसाळा सरता सरता याच टेकड्यांवर पिवळ्या-केशरी कॉसमॉसचे ताटवे दिसतात, लोक त्यात उभे राहून फोटो काढतात. पण त्या दाट ताटव्याखाली टेकडीचं मूळचं गवत आणि पावसाळी फुलझाडं दबली जातात. गाजरगवताची तर भारतातली पहिली नोंदच 1955-56 च्या सुमारास पुण्यातली आहे. या तिघांशी एकाच रीतीने वागून चालणार नाही. कॉसमॉस आणि गाजरगवत वर्षायू, म्हणजे दर वेळी बी धरण्यापूर्वी उपटलं की त्या वर्षीचं काम झालं, आणि असं सलग काही वर्षं केलं की मातीतला साठा ओसरत जातो. गाजरगवताने अंगाला खाज, पुरळ येते, त्यामुळे हातमोजे हवेतच. गिरिपुष्पाचं मोठं झाड मात्र एकदम काढणं धोक्याचं. उतार उघडा पडला तर माती वाहून जाईल. दिल्लीच्या मध्य रिजवर विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, कमी करताना एक युक्ती केली आहे. झाडं सरसकट न तोडता त्यांच्या खालच्या फांद्या छाटायच्या, ऊन खाली येऊ द्यायचं आणि त्या उजेडात देशी झाडं व वेली वाढवायच्या. देशी झाडांची सावली दाटली की जुन्या झाडाचा जोर ओसरतो. टेकडीवरच्या गिरिपुष्पाच्या गर्दीतही याच दिशेने जाता येईल असं मला वाटतं.

परकं झाड म्हणून त्याचा राग धरण्याचं कारण नाही. मिरची, पेरू, सीताफळ सगळी अमेरिकेतूनच आली आणि आपली झाली. तपासायचं इतकंच, की हे झाड स्वतःहून पसरतंय का, आणि त्याच्याखाली इतरांना जगता येतंय का. घाणेरी, आयव्ही, गाजरगवत या तपासात नापास होतात, म्हणून ती काढायची.

टेकडीवर काम सुरू करू पाहणाऱ्या गटाने आधी एक पावसाळाभर काहीच न काढता चालावं. बोर, बारतोंडी, धायटी, सालई यांची रोपं कुठे स्वतःहून येत आहेत, कुठलं गवत अजून टिकलंय, पाणी वाहून कुठे साचतं, घरांचा राडारोडा कुठून येतो हे नकाशावर मांडावं. पहिला पट्टा निवडताना नकाशावरच्या सगळ्यात बऱ्या जागेला लागून निवडावा, तो इतका लहान ठेवावा की चार माणसांनाही महिन्यातून एकदा फिरून सांभाळता येईल. राडारोडा आणि सांडपाणी येत राहिलं तर तणही येत राहील, त्यामुळे त्याची तक्रार महापालिकेकडे लावून धरणं हाही त्याच कामाचा भाग समजावा. दुसरा पट्टा धरायची वेळ पहिल्या पट्ट्यातली देशी रोपं ठरवतील.